जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आणि इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक होते. ई-मेलच्या वहनाचे नियम आणि सदोष माहिती स्वीकारण्यासंबंधीचे ‘पोस्टेलचे तत्त्व’ यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील अल्टाडिना येथे झाला. लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी व १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थिदशेतच ते आर्पानेटच्या उभारणीत सहभागी झाले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘आरएफसी’ या तांत्रिक टिपणांच्या मालिकेचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत केले. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेत कार्यरत होते. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे त्यांचे निधन झाले.

कार्य

वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांत संवाद घडवणे ही तेव्हाची मुख्य अडचण होती. त्यावर १९८० मध्ये पोस्टेल यांनी एक तत्त्व मांडले : माहिती पाठवताना नियम काटेकोरपणे पाळावेत, स्वीकारताना मात्र अर्थ स्पष्ट असल्यास किरकोळ दोषांकडे दुर्लक्ष करावे. ऑगस्ट १९८२ मधील आरएफसी ८२१ मध्ये त्यांनी ई-मेल वहनाची ‘एसएमटीपी’ पद्धत निश्चित केली. संदेशाची रचना ठरवणारे आरएफसी ८२२ हे डेव्हिड क्रॉकर यांचे टिपण त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले.

प्रभाव व टीका

या उदार धोरणामुळे ई-मेलचा प्रसार सुलभ झाला. परंतु दोष खपवून घेतले गेल्याने सदोष संदेश तयार करणाऱ्या प्रणालीही टिकून राहिल्या. म्हणून संदेशाची फोड करणाऱ्या आज्ञावलीची (पार्सरची) चाचणी घेताना तिला मुद्दाम बिघडवलेले संदेश दिले जातात. त्यांत शीर्षभागातील ओळी गहाळ असतात, ओळींचा शेवट चुकीच्या चिन्हाने होतो, संदेशाच्या भागांमधील सीमाखुणा अपूर्ण असतात किंवा घोषित अक्षरसंकेतन प्रत्यक्षाहून वेगळे असते. अशा वेळी आज्ञावली बंद पडू नये, तसेच तिने अर्थाचा मनमानी अंदाजही बांधू नये, अशी अपेक्षा असते. एकच सदोष संदेश विषाणूरोधक प्रणालीने एका प्रकारे आणि वाचकाच्या संगणकाने दुसऱ्या प्रकारे वाचल्यास घातक जोडपत्र तपासणीतून निसटू शकते.

आरएफसी ७१०३ (२०१४) मध्ये सदोष संदेश सुरक्षितपणे हाताळण्याविषयी मार्गदर्शन आहे. आरएफसी ९४१३ (२०२३) मध्ये पोस्टेल यांच्या तत्त्वाच्या मर्यादांची चिकित्सा केली असून, दोष निमूटपणे सामावून घेण्यापेक्षा नियमांची सातत्याने देखभाल करण्यावर भर दिला आहे.

सन्मान

इंटरनेट सोसायटीतर्फे १९९९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.