रेव्हरंड टिळकांचा संसार

फुलांवर आणि मुलांवर मनापासून प्रेम करणारे कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. धर्मोपदेशक म्हटला की गंभीर मुद्रेचा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु टिळकांच्या घरी अश्रूंच्या जोडीला हसूही मुबलक होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील अतिशय कडक स्वभावाचे होते. लहानपणीच आईचे छत्र हरपले आणि नारायण घर सोडून नाशिकला आला. तेथे थोरांच्या आश्रयाने त्याने विद्या मिळविली. पुढे जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच लक्ष्मीबाई टिळक होत. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे टिळकांनीच त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले.

टिळकांचा स्वभाव मोठा लहरी. मनात आले की ते घराबाहेर पडत आणि कित्येक दिवस त्यांचा ठावठिकाणा लागत नसे. पैसा तर त्यांच्या हाती टिकतच नसे. कोणी गरजू भेटला की हातातले त्याला देऊन मोकळे होत. घरी चूल पेटवायची कशी, ही चिंता मग लक्ष्मीबाईंनी वाहायची! राग येई तोही वाऱ्यासारखा आणि जाई तोही वाऱ्यासारखा. भांडण झाले, तरी थोड्याच वेळात दोघेही हसू लागत.

१८९३ साली राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलातील नव्या कराराची प्रत दिली. तेव्हापासून त्यांचे मन त्या धर्माकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ही गोष्ट म्हणजे घरावर वीज कोसळण्यासारखीच होती. आप्तेष्ट दुरावले. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आश्रयाने राहू लागल्या. पतिपत्नींची ताटातूट कित्येक वर्षे चालली. परंतु टिळकांनी पत्रे धाडणे सोडले नाही, की पत्नीवर आपल्या धर्माची सक्तीही केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या. त्या आपले सोवळे पाळीत असत. हळूहळू मात्र, जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला, असे त्यांचे त्यांनाच पटले. १९०० साली त्यांनीही स्वखुशीने दीक्षा घेतली.

१९०४ साली टिळकांना रेव्हरंड ही पदवी मिळाली. उपदेश करणे, आजाऱ्यांचा समाचार घेणे, पोरक्या मुलांना आसरा देणे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. धर्म बदलला, तरी देशाचे आणि मायबोलीचे प्रेम तिळमात्र उणावले नाही. तुकोबांच्या अभंगांवर त्यांची भक्ती होती. आपल्या लोकांनी आपल्याच चालीवर देवाला आळवावे, म्हणून त्यांनी मराठीत भजने रचली व कीर्तनेही केली. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक होते.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या कवितेने सारे थक्क झाले. हेच बालकवी. टिळकांनी त्यांना आपल्या घरी आणले आणि पोटच्या मुलासारखे वागविले. आधीच ओढाताणीच्या संसारात आणखी एक तोंड वाढले. पण त्या घरात माणूस वाढला म्हणून कधी कोणी कुरकुरले नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. हिंदी वृत्तीच्या ख्रिस्तभक्तांचा तो मेळावा होता. ठरावीक प्राप्ती थांबली. त्यातच ५ मे १९१८ रोजी बालकवी आगगाडीच्या अपघातात मृत्यू पावले. पुढे वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबई येथे टिळकांनीही देह ठेवला.

येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी १९०९ साली आरंभिले होते. त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ज्यांना त्यांनी अक्षरे शिकविली, त्या लक्ष्मीबाईंनीच उरलेले बहुतेक सारे काव्य रचले. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत पतीचा विसराळूपणा आहे, रुसवेफुगवे आहेत आणि उपासमारीचे दिवसही आहेत. परंतु कोठेही कडवटपणा नाही. लक्ष्मीबाई पतीला हसतात, त्याहून अधिक स्वतःला हसतात आणि जे लाभले त्याबद्दल देवाचे आभार मानतात.

सुखात हसणे सोपे असते. तुटपुंज्या संसारातही आनंद शोधावा आणि जवळचे असेल ते दुसऱ्याला द्यावे, हे टिळक दांपत्याने आपल्या वागणुकीने दाखवून दिले. म्हणूनच त्यांच्या घराची आठवण आजही मराठी वाचकांना हसवते आणि हसता हसता डोळे ओले करते.