मंडईला विरोध करणारे जोतीराव

इथे फ्रिस्कोत प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की सिटीने खर्च कुठे कापावा यावर आम्हा मराठी मंडळींच्या गप्पा रंगतात. मला तेव्हा जोतीराव फुले आठवतात. १८४८ची मुलींची शाळा, १८७३चा सत्यशोधक समाज सगळ्यांना ठाऊक आहे. पण १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे मला फार उशिरा कळलं. स्वतः बांधकामाचे कंत्राटदार, त्यामुळे दगड-चुन्याचा हिशेब पक्का!

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरत होतं. सरकारनेच नेमलेले सदस्य, नाही कोण म्हणणार? विरोधात मत पडलं ते एकट्या जोतीरावांचं. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, हा त्यांचा आग्रह. लाखोंच्या खर्चाच्या नव्या मंडईलाही त्यांनी याच कारणाने विरोध केला. ती १८८६मध्ये उभी राहिलीच, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. जोतीराव १८९०मध्ये गेले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. आमची आई अजूनही तिथूनच भाजी आणते.