जयपूरच्या वेशीवर अडवलेले जमनालाल बजाज

डिसेंबर १९३८ च्या अखेरीस जयपूर संस्थानाच्या शेखावाटी भागात दुष्काळ पडला होता. वर्ध्याचे व्यापारी आणि काँग्रेसचे कोषाध्यक्ष जमनालाल बजाज दुष्काळनिवारणाच्या कामासाठी तिकडे निघाले होते. सवाई माधोपूर स्थानकावर पोलिसांनी त्यांच्या हाती एक हुकूम ठेवला. त्यांच्या येण्याने शांततेचा भंग होण्याचा संभव असल्याने त्यांना संस्थानात प्रवेश नाही, असा त्याचा आशय होता. ज्यांच्यावर हा हुकूम बजावला गेला ते याच संस्थानात जन्मले होते आणि संस्थानातील प्रजामंडळाचे अध्यक्ष होते.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी जमनालालजींचा जन्म झाला. घर मारवाडी, परिस्थिती बेताची. वर्ध्यातील धनाढ्य सेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले आणि राजस्थानच्या वाळूतून हे मूल विदर्भात आले. शालेय शिक्षण थोडेच झाले, मात्र पेढीचे काम त्यांनी लवकर हाती घेतले. सतराव्या वर्षी आजोबांच्या बोलण्याने दुखावलेल्या या तरुणाने साऱ्या इस्टेटीवरील हक्क सोडत असल्याचे लिहून दिले होते. पुढे समेट झाला, पण संपत्तीचा मालक म्हणवून न घेता विश्वस्त म्हणून वागण्याची वृत्ती तेव्हापासूनच त्यांच्यात दिसते. सरकारने त्यांना मानद दंडाधिकारी नेमले, रायबहादूर केले. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ही पदवी परत केली आणि वकिली सोडणाऱ्यांच्या साह्यासाठी एक लाख रुपये दिले.

वर्ध्याच्या वाचकाला पुढचा भाग परिचित आहे. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच सुमारास आपला पाचवा पुत्र म्हणून स्वीकार करावा, असे त्यांनी गांधीजींकडे मागितले आणि ते नाते अखेरपर्यंत टिकले. १९२१ मध्ये विनोबा भावे वर्ध्यात आले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालालजींनी तुरुंगवास पत्करला. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. तेव्हाच्या वर्ध्यातील सनातनी समाजाचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हती. गांधीजी १९३६ मध्ये ज्या शेगावी राहायला गेले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, तेथील जमीनही बजाज यांचीच होती.

एवढा जम बसल्यानंतर जयपूरच्या भानगडीत त्यांनी का पडावे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर वर्धा आणि सीकर यांच्यातील अंतरात आहे.

वर्धा ब्रिटिश मुलखात होते. तेथे नगरपालिका होती, आणि १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुकाही झाल्या. मताधिकार मर्यादित असला, तरी मध्य प्रांत व वऱ्हाडात मतदारांनी निवडलेले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आगगाडीने जयपूरच्या हद्दीत शिरताच यातले बहुतेक काही मागे राहत असे. सवाई रामसिंह यांच्या काळात, १८६९ मध्ये, जयपूर शहरात नगरपालिका स्थापन झाली होती. रुंद रस्ते, दिवे, पाणी या सोयींत हे शहर अनेक संस्थानी राजधान्यांच्या पुढे होते. परंतु तिचे सदस्य दीर्घकाळ दरबारनेच नेमले. राज्यकारभार महाराजांच्या कौन्सिलकडे होता. महाराज सवाई मानसिंह तरुण होते आणि १९३८ मध्ये पंतप्रधानपदी सर बोशां सेंट जॉन हे इंग्रज अधिकारी होते. शेखावाटीसारख्या भागांत तर प्रजा आणि दरबार यांच्यामध्ये ठिकाणेदारांचा आणखी एक थर होता. सारा, लागबाग आणि वेठ यांचा जाच तोच थर करीत असे.

जयपूर प्रजामंडळ १९३१ मध्ये स्थापन झाले होते, पण पहिली काही वर्षे ते नावापुरतेच होते. वनस्थळीत ग्रामसेवेचे काम करणारे हीरालाल शास्त्री यांना मंडळाच्या कामात आणण्यात जमनालालजींचा पुढाकार होता. मे १९३८ मध्ये जयपुरात मंडळाचे पहिले वार्षिक अधिवेशन भरले आणि अध्यक्षपद जमनालालजींकडे आले. महाराजांच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हे मंडळाचे ध्येय होते. राजाने राहावे, पण मंत्र्यांनी प्रजेच्या निवडलेल्या प्रतिनिधींना उत्तर द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या दृष्टीने ही मागणी सौम्य वाटते. दरबारला मात्र ती तशी वाटली नाही.

त्याच उन्हाळ्यात सीकरचे रावराजे कल्याणसिंह आणि जयपूर दरबार यांच्यात राजकुमाराच्या शिक्षणावरून वाद पेटला. सीकरच्या वेशी बंद झाल्या, सशस्त्र माणसे तटावर उभी राहिली आणि जुलैत रेल्वे स्थानकाजवळ गोळीबारही झाला. आपल्या जन्मभूमीतील हा तंटा मिटवण्यासाठी जमनालालजींनी मध्यस्थी केली. रक्तपात टळावा म्हणून दरबारला उपयोगी पडलेल्या या गृहस्थांनाच काही महिन्यांनी शांततेला धोकादायक ठरवण्यात आले.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न मात्र केवळ दरबार आणि प्रजामंडळ यांच्यातला नव्हता. शेखावाटीच्या जाट शेतकऱ्यांनी प्रजामंडळ सक्रिय होण्याआधीच आपला लढा उभारला होता. एप्रिल १९३४ मध्ये कटराथल येथे शेतकरी स्त्रियांची मोठी परिषद भरली होती. १९३५ मध्ये कूदन गावी गोळीबारात शेतकरी मारले गेले. प्रजामंडळात वरचष्मा होता तो जयपूर शहरातील शिक्षितांचा आणि व्यापाऱ्यांचा. वर्ध्यातील एका धनिकाने सीकरच्या कुणब्याच्या वतीने बोलावे काय, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र मतपेटीच नसल्याने तिचा निवाडा करण्याचे साधनही नव्हते. पुढे शेतकरी संघटनांपैकी काही मंडळाबरोबर आल्या, काही अंतर राखून राहिल्या.

सवाई माधोपूरहून जमनालालजी माघारी फिरले. आज्ञाभंग करण्यापूर्वी दरबारला विचाराची संधी द्यावी, असा त्यांचा आणि गांधीजींचा निर्णय होता. जानेवारी १९३९ मध्ये दरबारने उत्तर दिले ते प्रजामंडळ बेकायदा ठरवून. गांधीजींनी या प्रकरणी जाहीर लेखन केले. माणसाला त्याच्याच जन्मभूमीत प्रवेश नाकारणे आणि सनदशीर संघटनेचा श्वास कोंडणे या दोन बाबींवर त्यांचा रोख होता. संस्थानांतील लढे तेथील प्रजेने स्वतःच्या बळावर लढवावेत, असे धोरण काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात स्वीकारले होते. काँग्रेसच्या कार्यकारिणीत असूनही जमनालालजी या लढ्यात उतरले ते जयपूरचे प्रजाजन म्हणून. त्यांच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होता आणि बंदीहुकुमाने नेमका तोच नाकारला होता.

१ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांनी संस्थानात प्रवेश केला. पोलिसांनी त्यांना पकडले, पण खटला न भरता हद्दीबाहेर नेऊन सोडले. काही दिवसांतच ते पुन्हा गेले आणि पुन्हा बाहेर काढले गेले. खटला चालला तर तो देशभर गाजेल, ही भीती दरबारला असावी. १२ फेब्रुवारीला तिसऱ्यांदा प्रवेश केल्यावर मात्र त्यांना मोरांसागर येथे स्थानबद्ध करण्यात आले. इकडे जयपुरात हीरालाल शास्त्री आणि इतर कार्यकर्ते तुरुंगात गेले. सत्याग्रहींच्या तुकड्या निघत राहिल्या आणि त्यांत स्त्रियाही होत्या. मार्चमध्ये गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवण्यात आला. जमनालालजींची सुटका झाली नाही. गुडघ्याच्या दुखण्याने ते बेजार होते. त्यांना पुढे जयपूरजवळच्या कर्णावतों का बाग या ठिकाणी हलवण्यात आले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये सोडण्यात आले.

या सहा महिन्यांतून काय निष्पन्न झाले? जबाबदार राज्यपद्धती मिळाली नाही. पण वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९४० मध्ये प्रजामंडळाची रीतसर नोंदणी होऊन त्याचे काम उघडपणे चालू शकले. संस्थानात प्रजेची राजकीय संघटना असू शकते, हे दरबारला मान्य करावे लागले. निवडणुकीच्या आधीची ही पायरी होती. शास्त्री मंडळाचे अध्यक्ष झाले आणि जमनालालजी वर्ध्याला परतले.

वैयक्तिक सत्याग्रहात त्यांना पुन्हा कारावास घडला. प्रकृती ढासळली होती. अखेरच्या काळात ते वर्ध्याजवळ गोपुरी येथे झोपडीत राहून गोसेवेचे काम करीत होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२ वर्षांचे होते. पत्नी जानकीदेवी यांनी ते काम पुढे चालवले.

जयपूरच्या विधिमंडळाची निवडणूक त्यांना पाहता आली नाही. सर मिर्झा इस्माइल पंतप्रधान असताना १९४४ मध्ये दोन सभागृहांची घटना जाहीर झाली आणि १९४५ मध्ये मतदान झाले. १९४६ मध्ये प्रजामंडळाचे देवीशंकर तिवारी मंत्रिमंडळात आले. १९४९ मध्ये जयपूर राजस्थानात विलीन झाले आणि हीरालाल शास्त्री या नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. २ ऑक्टोबर १९५९ रोजी याच राज्यातील नागौर येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पंचायत राज्याचा आरंभ झाला. जयपूर शहरात २०२० मध्ये हेरिटेज आणि ग्रेटर या दोन महानगरपालिकांसाठी एकूण २५० प्रभागांत नगरसेवक निवडले गेले. सवाई माधोपूरचे स्थानक आजही दिल्ली-मुंबई मार्गावर आहे आणि जयपूरला जाणारा फाटा तेथूनच निघतो.