रिझर्व्ह बँकेच्या एका वाक्यापलीकडचे बाबासाहेब

सामाजिक कामाच्या निमित्ताने आम्ही वस्त्यांमधल्या अभ्यासिकांमध्ये जातो. एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारी मुलेमुली तिथे दिवसदिवस बसलेली असतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. टेबलावर अर्थशास्त्र, भूगोल आणि चालू घडामोडींची जाडजूड पुस्तके असतात. बाबासाहेबांचा अर्थशास्त्राशी संबंध काय, असे विचारले की बहुतेकांकडून एकच उत्तर येते: रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. त्यांनी त्या बँकेविषयी नेमके काय मांडले होते, असे पुढे विचारले की सगळे गप्प होतात.

दोष मुलांचा नाही. आपणच बाबासाहेबांचे अर्थशास्त्र एका वाक्यात गुंडाळून ठेवले आहे. म्हणून या लेखात त्यांचे आयुष्य एका अर्थशास्त्रज्ञाचे आयुष्य म्हणून पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यात राहिले. पुढे वडील नोकरीसाठी गोरेगावला असताना भीमराव भावंडांसोबत त्यांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले अस्पृश्य आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण हाकायची मुलांनीच. गाडीवान बाजूने चालत राहिला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ग्राहक पैसे देतो आणि सेवा घेतो. जात मध्ये आली की दुप्पट पैसे देऊनही सेवा अर्धीच मिळते, हे भीमराव दहाव्या वर्षाच्या आसपास शिकले.

एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला. पुढचा विषय त्याहून किचकट होता: ब्रिटिश भारतातली प्रांतिक वित्तव्यवस्था. १८३३ पासून सगळा महसूल केंद्राच्या तिजोरीत जाऊ लागला. खर्च प्रांत करीत, पण पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. त्यामुळे काटकसरीला कारणच उरले नाही. १८७१ नंतर आधी ठरावीक रक्कम, मग काही महसुलाची साधने आणि नंतर महसुलातला वाटा असे टप्प्याटप्प्याने प्रांतांकडे पैसे कसे आले, याचा हिशोब बाबासाहेबांनी मांडला. हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. आज केंद्र-राज्य आर्थिक संबंधांवर किंवा वित्त आयोगावर प्रश्न आला की आपण कलम २८० पाठ म्हणून दाखवतो. हे कलम ज्या मसुदा समितीच्या हातून गेले, तिच्या अध्यक्षांनी तरुणपणी याच विषयावर प्रबंध लिहिला होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परतले. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली, पण राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात आश्रय घेतला, तिथूनही जमावाने बाहेर काढले. मुंबईत त्यांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान मन लावून ऐकत, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता.

त्याच वर्षी शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. जमीन किती एकर आहे एवढ्यावरून ती परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही. त्या जमिनीवर राबणारे हात किती आणि भांडवल किती, यावर ते ठरते. आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त माणसे शेतीवर अवलंबून आहेत आणि भांडवल अपुरे आहे. तेव्हा उद्योग वाढवून शेतीवरचा भार कमी केला पाहिजे. छुपी बेरोजगारी हा धडा वाचताना हा निबंध शेजारी ठेवून पाहा.

३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांची मदत मिळाली. त्याच वर्षी साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या डी.एस्सी.साठीचा प्रबंध म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन करणाऱ्या केन्स यांच्याही उलट भूमिका बाबासाहेबांनी घेतली होती.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. विनिमय पद्धतीत चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते. चलन भरमसाट निघाले की किमती चढतात. रुपयाचा दर खाली राहिला की निर्यातदाराला फायदा दिसतो, पण महागाईच्या मानाने मजुरी वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून येतो. म्हणून चलन काढण्यावर कायद्याने पक्की मर्यादा हवी. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले.

म्हणजे बँक एकट्या बाबासाहेबांनी स्थापन केली असे म्हणणे बरोबर नाही, आणि त्यांचे मोठेपण सिद्ध करायला त्याची गरजही नाही. रुपयाच्या दराची चर्चा चालू असताना मजुराच्या पोटाचा प्रश्न त्यांनी तिथे मांडला, ही गोष्ट मोठी आहे. मुलाखतीत अर्धवट वाक्य बोलून अडखळण्यापेक्षा हे नीट समजून सांगा.

पुस्तकातला हा विचार त्यांनी कायदेमंडळात आणि रस्त्यावरही नेला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कोकणात खोत कुळांकडून मनमानी वसुली करीत. ती पद्धत बंद करण्यासाठी १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी १९४२ ते १९४६ हा काळ मुद्दाम वाचावा. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. पूर आला की बांध घालायचे, एवढाच विचार तोवर होता. जास्तीचे पाणी हे संकट नसून संपत्ती आहे, ते साठवून त्याच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, असा विचार त्यांनी पुढे नेला. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले. महानदीच्या विकासासाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला झालेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. याच नदीवर पुढे हिराकुड धरण उभे राहिले. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ करण्याची दुरुस्तीही याच काळातली.

१९५५ मध्ये त्यांनी भाषावार प्रांतरचनेवर पुस्तक लिहिले. बिहार आणि मध्य प्रदेश ही राज्ये फार मोठी आहेत, त्यांचे विभाजन करावे, असे त्यात सुचवले होते. २००० साली झारखंड आणि छत्तीसगड झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण, हे आपण सगळे जाणतो.

या आयुष्यात अर्थशास्त्र, भूगोल आणि चालू घडामोडी असे तीन वेगळे पेपर कुठेच दिसत नाहीत. नदी असो, नाणे असो की वर्तमानपत्रातली बातमी, बाबासाहेब दोनच गोष्टी विचारत: याची किंमत कोण मोजतो आणि फायदा कुणाच्या घरी जातो?

अभ्यासिकेतल्या मित्रमैत्रिणींनो, तारखा पाठ कराव्याच लागतील, त्याला इलाज नाही. पण रेपो दर बदलल्याची बातमी वाचाल तेव्हा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या घरात त्याने काय फरक पडेल, हे वहीच्या समासात लिहून ठेवा. धरणाची उंची लिहाल तेव्हा कालव्याच्या शेवटच्या टोकाला कुणाची शेते आहेत, हेही शोधा. उद्या तुमच्यातले कुणी तहसीलदार होईल आणि उन्हाळ्यात टँकरची फाइल समोर येईल. कोणत्या वस्तीला पाणी शेवटी पोहोचते, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले नसते. ते विचारण्याची सवय आत्तापासूनच लावून घ्यावी लागेल.

जय भीम!