मीर सुलतान खान : साठा नसताना जिंकलेले बुद्धिबळपटू

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या उमरेडमध्ये तुम्ही बरेच जण मोबाईलवर बुद्धिबळ खेळता. पहिल्या काही चाली मोबाईल झटपट करतो, हो ना? त्या तो शोधत नाही. नामवंत खेळाडूंच्या डावांतून निवडलेल्या सुरुवाती त्यात आधीच भरलेल्या असतात. याला ‘ओपनिंग बुक’ म्हणतात. हा साठा संपला की तो स्वतः हिशोब करतो.

असा साठा ज्यांच्याकडे फारसा नव्हताच, त्या मीर सुलतान खान यांची आज ओळख करून घेऊ.

ते पंजाबचे. देशी नियमांनी बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे. त्यामुळे युरोपातल्या सुरुवाती त्यांना नवख्या होत्या. १९२९ मध्ये सर उमर हयात खान यांच्यासोबत ते इंग्लंडला गेले. सुरुवातीला अनेकदा मागे पडत, पण डावाच्या मधल्या आणि शेवटच्या भागात सावरत. त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा! माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही त्यांनी हेस्टिंग्जला हरवलं.

१९३३ अखेर ते मायदेशी परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव झाले. नऊ जिंकले, एक बरोबरीत. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं. मानद ग्रँडमास्टर किताब मात्र मिळाला २०२४ मध्ये!

मुलांनो, सुरुवाती जरूर पाठ करा. पण प्रत्येक चालीमागचं कारणही समजून घ्या. पाठांतर संपल्यावर तेच कामी येतं.