घड्याळांचा शौकीन मार्टिन

फ्रान्समधील लियाँ नगरीत १७३५ साली जन्मलेला क्लॉड मार्टिन सैनिक म्हणून भारतात आला. पुढे तो इंग्रजांच्या चाकरीत शिरला आणि १७७६ मध्ये लखनौच्या शस्त्रागाराचा अधीक्षक झाला. यंत्रांचे त्याला विलक्षण वेड. मौल्यवान घड्याळे तो हौसेने जमवी. नवाब असफउद्दौलालाही विलायती घड्याळे व आरसे यांचा षोक होता. मार्टिनने आपल्या छंदाचाच व्यापार केला. युरोपातून वस्तू मागवाव्यात आणि नवाबास विकाव्यात! नवाबाला पैसे कमी पडत, तेव्हा कर्ज देणाराही मार्टिनच. राज्याच्या दृष्टीने हा सौदा महागच पडला. १८०० साली मार्टिन वारला. मृत्युपत्रात त्याने लखनौ, कोलकाता व लियाँ येथील शाळांसाठी धन ठेवले होते. लखनौची शाळा १८४५ साली त्याच्याच प्रासादात सुरू झाली. त्याची कबर तेथील तळघरात आहे.