सर हेन्री रॉइस

जुनी मोटार खड्ड्यांतून जाऊं लागली म्हणजे तिच्या खालून खडखड, कुरकुर, ठकठक असे नाना प्रकारचे आवाज निघूं लागतात. पुष्कळ लोक त्यांची संवय करून घेतात. परंतु कोणतेंही यंत्र विनाकारण आवाज करीत नाहीं. कोठें तरी झीज झालेली असते, कोठें तरी वंगण सुकलेलें असतें, किंवा एखादा सांधा सैल झालेला असतो. आवाज दडपावयाचा नसून त्याचें मूळ शोधावयाचें असतें, हें ज्यांनीं आपल्या उद्योगानें जगास दाखविलें, त्या सर हेन्री रॉइस यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हेन्रीचा जन्म ता. २७ मार्च १८६३ रोजीं इंग्लंडांत पीटरबरो शहराजवळील ऑल्वल्टन गांवीं झाला. बाप पिठाच्या गिरणीचा धंदा करी. हेन्री नऊ वर्षांचा असतां पितृछत्र हरपलें. वर्तमानपत्रें विकून व घरोघर तारा पोंचवून त्यानें पोट भरलें. शाळेचा लाभ त्यास फारच थोडा झाला. सन १८७८ मध्यें एका नातलग बाईंच्या मदतीनें तो ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. पण तीन वर्षांनीं पैसे सरले व उमेदवारी अर्धवट सुटली. तरी शिकण्याची हौस सुटली नाहीं. सन १८८४ मध्यें क्लेअरमाँट नांवाच्या मित्रासह त्यांनीं मँचेस्टर येथें लहानसा कारखाना काढला. तेथें विजेचीं यंत्रें व याऱ्या बनूं लागल्या.

पुढें रॉइस यांनीं डेकोव्हिल कंपनीची एक वापरलेली फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचा गोंगाट व थरथर त्यांस आवडेना. त्यांनीं ती खोलून भागन् भाग तपासला, एकेका दोषाचें कारण हुडकलें, आणि शेवटीं स्वतःच नवी मोटार रचली. ती ता. १ एप्रिल १९०४ रोजीं प्रथम रस्त्यावर आली. त्याच वर्षीं मे महिन्यांत चार्ल्स रोल्स या धनिक तरुणानें ती पाहिली आणि तिची शांत चाल पाहून तो थक्क झाला. त्यांतूनच १९०६ सालीं रोल्स-रॉइस कंपनी उभी राहिली.

सन १९०७ मध्यें या कंपनीची 'सिल्व्हर घोस्ट' मोटार १५,००० मैल चालविण्यांत आली. नंतर ती पूर्ण उकलून प्रत्येक भाग मोजला. बदलावयाच्या भागांची किंमत दोन पौंडांहून किंचित् अधिक भरली. त्या थोडक्या भागांत स्टेअरिंगच्या खिळी व गोळा यांचा समावेश होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. स्टेअरिंगचे सांधे रस्त्याचा प्रत्येक धक्का सोसतात, म्हणून उत्तम मोटारींतही ते झिजतात. पुढील वर्षीं याच जातीच्या एका मोटारीनें मुंबई ते कोल्हापूर या शर्यतींत आपले घाट ओलांडले. पुढें ती ग्वाल्हेरच्या महाराजांनीं घेतली.

रॉइस यांची शोधपद्धति कोणासही साधण्यासारखी आहे. प्रथम आवाज केव्हां होतो तें पाहावें. केवळ खड्ड्यांत होत असल्यास पाटे, स्प्रिंगा, त्यांचे बुश यांवर संशय घ्यावा. वळतांना होत असल्यास स्टेअरिंगचे सांधे तपासावे. उभ्या गाडींत एकानें स्टेअरिंग थोडें थोडें दोन्ही बाजूंस हालवावें व दुसऱ्यानें बाहेरून एकेका सांध्याकडे पाहावें. ज्या सांध्याची एक बाजू हालते आणि दुसरी मागाहून हालते, तेथें ढिलाई आहे असें समजावें. मग जॅकनें चाक उचलून व गाडीखालीं भक्कम घोडी लावून चाक वरखालीं धरून हालवावें. तें डुगडुगलें तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. आडवें धरून डुगडुगलें तर दोष बहुधा टायरॉडच्या टोंकाशीं असतो. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं शिरूं नये.

कित्येक लोक कुरकुरणाऱ्या रबरी बुशावर तेल ओततात. दोन दिवस आवाज थांबतो खरा, पण तेलानें रबर फुगून खराब होतें आणि झीज तशीच राहते. झिजलेला बॉल जॉइंट बदलावाच लागतो, व नंतर चाकांची सरळता तपासून घ्यावी लागते. तो सांधा धांवत्या गाडींत निखळला तर चाक चालकाच्या हातीं राहत नाहीं, आणि आंतील माणसांचे प्राण संकटांत पडतात. आमच्या विद्यार्थ्यांचे पालक मोटारी बाळगीत असतील तर त्यांनीं ठकठक ऐकूं येतांच गाडी तपासून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.

एक लहान भाग मोडल्यानें काय होतें, याचा कटु अनुभव रॉइस यांस लवकरच आला. ता. १२ जुलै १९१० रोजीं बोर्नमथ येथें विमानाच्या शेपटीचा भाग मोडून त्यांचे भागीदार रोल्स मृत्यु पावले. पुढें अति श्रमानें रॉइस यांचीही प्रकृति ढासळली. कामाच्या भरांत जेवणाचें भान न ठेवणारा हा मनुष्य १९११ पासून बहुतेक आजारीच होता. यंत्राची कुरकुर ऐकणाऱ्यानें देहाची कुरकुर मात्र ऐकली नाहीं. तरी कारखान्यापासून दूर राहून त्यांनीं विमानांचीं इंजिनें रचिलीं. १९१९ सालीं अटलांटिक महासागर न थांबतां प्रथम ओलांडणारें विमान त्यांच्याच 'ईगल' इंजिनांवर उडालें. १९३० सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली, आणि ता. २२ एप्रिल १९३३ रोजीं वेस्ट विटरिंग येथें त्यांचा अंत झाला.

रॉइस यांच्या चरित्रापासून घेण्यासारखा बोध असा कीं, बारीक दोषास क्षुल्लक म्हणूं नये. गणितांतील चूक असो कीं गाडींतील ठकठक असो, ती झांकून न ठेवतां तिच्या मुळापर्यंत जावें व तेथेंच दुरुस्त करावी. मात्र हाच न्याय आपल्या शरीरासही लावावा, म्हणजे केलेल्या श्रमांचें फळ आपणांस दीर्घ काळ पाहतां येईल.